पाचाडच्या घरातला निळा दिवा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आतेबहिणीने परवा फोनवर टोमणा मारला, "तुझं लिखाण म्हणजे वरंधा घाट झालाय, कधी चालू, कधी बंद!" तेव्हा म्हटलं, गेली दोन-अडीच वर्षं आमच्या घरातल्या प्रत्येक फोनची दहा मिनिटं ज्या विषयाने खाल्ली, तोच लिहून टाकावा. नातेवाईक मंडळींना यातलं अर्धं ठाऊक आहेच. उरलेलं अर्धं जास्त मजेचं आहे.

तर विषय असा, की पाचाडच्या आमच्या घरात पुतण्याने खाऱ्या पाण्याची काचेची टाकी केली आहे आणि तिच्यात जिवंत मृदू प्रवाळ ठेवले आहेत. पाचाड म्हणजे रायगडाच्या पायथ्याचं. जिजाऊंना गडावरचा वारा मानवेना म्हणून महाराजांनी खाली वाडा बांधला, ते पाचाड. आजही येणारे लोक वाड्याचे अवशेष बघतात, समाधीवर डोकं टेकवतात, पिठलं-भाकरी खातात आणि गड चढायला लागतात. सावित्रीच्या खाडीतून पूर्वी दासगावपर्यंत गलबतं येत, पण आमच्या पाचाडला समुद्र कधी दिसला नाही. इथे डोंगर, पाऊस आणि ढग. अशा गावात समुद्र आणायचा म्हणजे एक तर वेड पाहिजे, नाही तर वय एकोणीस पाहिजे. बारक्याकडे दोन्ही होतं.

(बारक्या म्हणजे दादाचा धाकटा. खरं नाव इथे लिहिलं तर तो रागावेल. महाडला प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. करतोय. दादाची खानावळ आहे, ती बऱ्याच जणांना माहीत आहे.)

टाकी काही फार मोठी नाही. दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. पाणी ऐंशी-पंचाऐंशी लिटर. काच महाडला कापून मिळाली, चिकटवली घरीच. मीठ विकतचं, म्हणजे मत्स्यालयासाठी मिळतं ते. लिटरला साधारण ३५ ग्रॅम. म्हणजे पूर्ण टाकीला तीन किलोच्या आसपास. इथपर्यंत सगळं दादाच्या सहनशक्तीत बसत होतं. अडलं ते दिव्यापाशी.

प्रवाळांच्या टाकीचा दिवा म्हणून बारक्याने जे मला फोनवर पाठवलं, त्याची किंमत वाचून मी आधी शून्य मोजली. नावाजलेल्या परदेशी दिव्यांच्या किमती भारतात येईपर्यंत चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातात. बारक्याची सगळी शिल्लक आठ हजार. दोन सीझन गडावर येणाऱ्यांना ताक विकून साठवलेले. आणि दादाचं म्हणणं असं, "उन्हाळ्यात आपल्याला प्यायला टँकरची वाट बघावी लागते, आणि ह्याला मिठाचं पाणी करून त्यावर पन्नास हजारांचा दिवा लावायचाय!" यात चूक काही नव्हतं. म्हणून मध्यस्थ म्हणून माझी नेमणूक झाली. मी राहतो पुण्याला, ताम्हिणीतून उतरलो की तीन-साडेतीन तासांत घरी. तेव्हा काका, तुम्हीच बघा.

काका बघू लागले. आणि बघता बघता काकांनाच नाद लागला.

पहिला प्रश्न: प्रवाळाला दिवा लागतोच कशाला? मासा तर साध्या उजेडात सुखाने राहतो. तर प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याच्या अंगात एकपेशीय शैवाल मुक्कामाला असतं, झूझँथेली नावाचं. हे शैवाल उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. भाडेकरूने घरमालकाला जेवू घालावं तसा प्रकार. उजेड कमी पडला की भाडेकरू उपाशी, आणि त्याच्या मागोमाग घरमालकही. पाणी फार तापलं किंवा उजेड एकदम वाढला तर हे नातं तुटतं, शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. समुद्रात हेच मोठ्या प्रमाणावर चाललंय. १९९८ साली जगभर पहिल्यांदा असं विरंजन झालं, मग २०१०, मग २०१४ ते २०१७, आणि २०२३ पासून चौथ्यांदा.

दुसरा प्रश्न: मग कोणता उजेड? इथे माझ्या डोक्यातलं विजेच्या दुकानातलं सगळं ज्ञान निकामी झालं. आपण बल्ब घेताना वॅट बघतो, फार तर खोक्यावरचे ल्यूमेन बघतो. पण ल्यूमेन हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेलं आहे. आपल्या डोळ्याला सगळ्यात जास्त दिसतो तो हिरवट उजेड, ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा. ४५० नॅनोमीटरचा गडद निळा उजेड तेवढ्याच ताकदीचा असला तरी डोळ्याला त्याच्या पंचविसाव्या हिश्शाएवढा वाटतो. आणि प्रवाळातल्या शैवालाला नेमका तोच निळा लागतो. कारण सरळ आहे. समुद्राचं पाणी तांबडा उजेड वरच्या काही मीटरांतच पिऊन टाकतं, खाली पोचतो तो निळा. लाखो वर्षं जे ताटात आलं तेच आवडीचं झालं.

म्हणजे आपल्याला जो दिवा मंद वाटतो, तो प्रवाळाला पोटभर असू शकतो. आणि आपले डोळे दिपवणारा दिवा त्याला फारसा उपयोगी नसेल. हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. महाग दिव्यांच्या जाहिरातीत जे लखलखतं, ते बहुतेक आपल्यासाठी असतं.

या कामाचं खरं माप म्हणजे पीएआर. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर किती पडतात, त्याचा हिशेब, मायक्रोमोलमध्ये. भर दुपारचं ऊन साधारण २०००. उथळ पाण्यातल्या फांद्याफांद्यांच्या कठीण प्रवाळांना टाकीत २०० ते ३५०, कधी त्याहून जास्त द्यावं लागतं. पण मृदू प्रवाळ, म्हणजे ज्यांना चुनखडीचा सांगाडा नसतो ते, ५० ते १५० मध्ये खूष असतात. मश्रूम म्हणतात ते तर कोपऱ्यातल्या अंधूक जागेत जास्त फुलतात.

इथे बारक्याचं आणि माझं पहिलं भांडण झालं. त्याने नेटवर जे फोटो बघून स्वप्न रंगवलं होतं, ते सगळे जांभळ्या-हिरव्या फांद्यांचे कठीण प्रवाळ होते. अ‍ॅक्रोपोरा आणि त्याची भावंडं. कुणीतरी त्याला फोनवर तुकडे देऊ केले होते. कुठले, तर "समुद्रातले". किंमतही फार नव्हती.

मी म्हटलं, "बारक्या, हे घरात आणायचं नाही."

"काका, सगळेच ठेवतात."

"ठेवत असतील. पण रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २००१ पासून. वाघ आहे त्याच अनुसूचीत."

"वाघ?"

"वाघ."

त्या यादीत काळे प्रवाळ आहेत, अग्निप्रवाळ आहेत, समुद्रपंखे आहेत, ऑर्गन पाइप नावाचा लाल नळ्यांचा प्रवाळ आहे. यात गंमत काही नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आपल्या किनाऱ्यावरचे प्रवाळ आहेत. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, तिथे प्रवाळांची मोठी वस्ती आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला प्रवाळ आधीच थोडे. त्यातला एक तुकडा तोडून कुणी पाचाडच्या खानावळीत आणला, तर तो ज्याने विकत घेतला त्यानेच तोडला असं मी मानतो. कायदा नसता तरी मानलं असतं.

बारक्या दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, तो त्याच्या सरांशी बोलून. "काका, मृदूमध्ये काय काय चालतं ते काढलंय." मश्रूम, झोअँथिड आणि चामड्यासारखा दिसतो तो लेदर. हे तिन्ही त्या यादीत नाहीत. आणि हौशी लोक ते घरच्या टाकीत कापून वाढवतात, एकाचे चार करतात, त्यामुळे समुद्रातून काही ओरबाडावं लागत नाही. तसेच तुकडे आणायचे ठरलं, आणि विकणाऱ्याची टाकी बघून. मासे दोनच, क्लाउनफिश, तेही टाकीत जन्मलेले. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपमच्या केंद्राने या माशांची पैदास करण्याचं तंत्र कधीच बसवलंय. टाकीतला खडकसुद्धा समुद्रातला नको, भाजलेल्या मातीचा. तो सच्छिद्र असतो, जिवाणूंना राहायला जागा मिळते. (झोअँथिडबद्दल एक सूचना: काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. हातमोजे घालूनच हाताळायचं, आणि त्यांचा खडक गरम पाण्यात उकळायचा तर अजिबात नाही. वाफेनेसुद्धा माणसं आजारी पडली आहेत. आमच्या घरात खानावळीची भांडी आणि टाकीची भांडी वेगवेगळी आहेत, वहिनीच्या हुकमाने.)

आता गंमत बघा. काय ठेवायचं ते ठरलं आणि दिव्याचा प्रश्न आपोआप लहान झाला. साडेतीनशेच्या जागी शंभर पुरे. म्हणजे पन्नास हजारांच्या दिव्यात जे मिळतं त्यातलं बरंचसं आपल्याला लागतच नाही. वादळाचा देखावा, ढगांचा देखावा, मोबाइलवरून सूर्योदय... पाचाडला खरे ढग खिडकीतून घरात येतात, देखाव्याचं काय घेऊन बसलात!

मग आम्ही स्वस्तातले पर्याय मांडले. तीन निघाले.

पहिला, साधा पांढरा एलईडी फ्लडलाइट, दुकानाच्या पाटीवर मारतात तसा. ऐकून हसू येईल, पण हा अगदीच टाकाऊ नाही. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळाच एलईडी, वर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला. त्यामुळे त्याच्या पोटात ४५० च्या आसपासचा निळा भरपूर असतो. मृदू प्रवाळ यावर जगतात. तोटा असा, की टाकी पिवळट दिसते आणि शेवाळ मजेत वाढतं. निळा-पांढरा कमीजास्त करायची सोय नाही.

दुसरा, घरी जोडायचा. अ‍ॅल्युमिनियमची पन्हाळीदार पट्टी, तिच्यावर तीन-तीन वॅटचे निळे आणि पांढरे एलईडी, खाली उष्णता ओढून घेणारी पेस्ट, आणि एक ड्रायव्हर. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात समाधानाचा. पण खाऱ्या पाण्याच्या डोक्यावर हाताने जोडलेली २३० व्होल्टची वायरिंग, घरात आई, येणारीजाणारी पोरं... हा मी बाद केला. यावर चर्चा झाली नाही.

तिसरा, चिनी बनावटीची काळी पेटी. हौशी लोकांत ही प्रसिद्ध आहे. पन्नासेक एलईडी, त्यावर भिंगं, आत पंखा, आणि बाहेर दोन बटणं, एक निळ्याचं आणि एक पांढऱ्याचं. नावाला १६५ वॅट. प्रत्यक्षात वीज बरीच कमी खाते, शंभराच्या थोडी वर. रूप असं, की कुणी जुना स्टॅबिलायझर टांगलाय असं वाटावं. पण ताकद भरपूर, आणि निळा-पांढरा वेगळा करता येतो ही मोठी गोष्ट.

पुण्यात एका गृहस्थांनी टाकी बंद केली होती, त्यांच्याकडून ही पेटी साडेचार हजारांना मिळाली. घेण्याआधी बारक्याने मला फोनवर एकेक करून तपासायला लावलं, ते इथे लिहितो, कुणाला उपयोगी पडेल म्हणून. प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर नेऊन खरे वॅट किती ते बघा. दोन्ही बटणं शून्यापासून पूर्णापर्यंत फिरवून बघा, मध्येच लुकलुक होता कामा नये. अर्धा तास चालू ठेवून पाठीला हात लावा, कोमट ठीक, चटका नको. पंख्याचा आवाज ऐका. झाकण उघडून आत पांढरं मीठ साठलंय का बघा, कारण या दिव्यांचा जीव उन्हाने नाही, मिठाने जातो. आणि पंखा, ड्रायव्हर हे सुटे भाग साध्या बाजारात मिळतात का ते विचारा. आपल्याकडे महाडलाही नीट करता येईल असा दिवा हा पुण्यालाही नीट न होणाऱ्या दिव्यापेक्षा स्वस्त, किंमत काहीही असो.

पेटी पाचाडला पोचली आणि मोजायचा प्रश्न आला. पीएआरचं मीटर हजारो रुपयांचं, दिव्यापेक्षा महाग. बारक्याने कॉलेजातून लक्स मीटर मागून आणला. आता लक्सही ल्यूमेनचाच भाऊ, निळा उजेड त्याला नीट दिसत नाही. उन्हासाठी लक्सला साधारण ५४ ने भागलं की पीएआर येतो, पण निळ्या दिव्याला हा भागाकार लागू पडत नाही. बारक्या म्हणाला, "काका, आकडा खरा नसू दे, तुलना खरी असेल." टाकी अजून कोरडी होती. तळाला चौकटीचा कागद पसरला आणि प्रत्येक चौकटीत मीटर ठेवून आकडे लिहिले. मधे जितका उजेड, कोपऱ्यात त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा! कारण ती भिंगं उजेड मधे गोळा करतात. पेटी आणखी वीत-दीड वीत वर टांगली, तेव्हा उजेड पसरला, मधला कमी झाला, कोपऱ्यांना थोडा मिळाला. लेदर मधे, झोअँथिड बाजूला, मश्रूम कोपऱ्यात, हा आराखडा त्या कागदावरच ठरला. तो कागद अजून टाकीमागच्या भिंतीला चिकटवलेला आहे.

पहिले पंधरा दिवस निळा वीस टक्के, पांढरा जवळजवळ बंद. मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत निळा पन्नास, पांढरा दहापर्यंत. तिथेच थांबलो. यापुढे वाढवायची गरजच पडली नाही. टायमर लावून रोज आठ तास, दुपारी बारा ते रात्री आठ. आईला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तिने एकच विचारलं, "रात्री दिवा मालवता ना रे? त्यांनाही झोप असेलच की." बारक्याने पुस्तकात हेच वाचलं होतं, फक्त जरा लांबलचक.

आता विजेचं बिल, दादाचा आवडता विषय. एवढ्या उजेडाला पेटी ४५ वॅटच्या आसपास ओढते. आठ तासांचे झाले ०.३६ युनिट, महिन्याचे अकरा. पाणी फिरवणारा पंप १० वॅटचा, पण तो अहोरात्र, त्याचे महिन्याला सात. पूर्वी या टाक्यांवर मेटल हॅलाइड दिवे असत, २५० वॅटचा एक दिवा आठ तास म्हणजे महिन्याला साठ युनिट, आणि वर त्याच्या उष्णतेने तापलेलं पाणी गार करायला यंत्र. कोकणातल्या मे महिन्यात ते परवडायचं नाव नको. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना निळ्या एलईडीसाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा पेपरात वाचून मी पान उलटलं होतं. तो निळा दिवा पुढे दहा वर्षांनी आमच्या खानावळीत ताकाच्या माठाशेजारी लागणार आहे हे कुणाला ठाऊक!

तरीही मे महिना सोपा नाही. एलईडीने पाणी फार तापत नाही, पण घरच तापतं. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. मात्र वाफ वाढते, आणि रोज लिटर-दीड लिटर गोडं पाणी वरून घालावं लागतं. मीठ उडत नाही, पाणीच उडतं, म्हणून भर गोड्या पाण्याची. तेही आरओचं. आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर बाजूला टाकतं, ते वहिनी भांड्यांना वापरते. टँकरच्या दिवसांत दादा त्या बादलीकडे आणि बारक्या दादाकडे बघत असतो.

पण पाचाडला दिवा निवडताना खरा विचार पावसाळ्याचा करावा लागतो. २०२१ च्या जुलैतले ते दिवस आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. महाड बुडालं, तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. आमच्याकडे पाच दिवस वीज नव्हती, फोन नव्हते, रस्ते नव्हते. पुण्यात बसून मी फक्त फोन लावत होतो. बारक्या तेव्हा शाळेत होता. पहिल्यांदा त्याने टाकीचं नाव काढलं तेव्हा दादाने पैशांचं बोलून झाल्यावर शांतपणे विचारलं होतं, "आणि तसं परत झालं तर? माणसांना बाहेर काढताना हे कुणी बघायचं?"

त्याला उत्तर देणं भाग होतं. आम्ही ते शोधलं. दिवा दोन-तीन दिवस नसला तर मृदू प्रवाळ मिटून बसतात, मरत नाहीत. समुद्रातही आभाळ भरून येतंच की. पण पाणी थांबलं तर प्राणवायू संपतो, आणि काही तासांतच मासे-प्रवाळ सगळं संपू शकतं. म्हणजे वीज गेल्यावर जपायचा तो पंप, दिवा नव्हे. १० वॅटचा पंप चोवीस तासांत पाव युनिटही खात नाही. घरच्या इन्व्हर्टरवर तो चार दिवस सहज निघतो, बाकीचं घर काटकसरीने वागलं तर. वर एक बॅटरीवरचा हवेचा पंप. स्वस्त दिवा घेऊन वाचले त्यातून हा आला आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आला, खारं पाणी आणि वीज एका खोलीत असली की तो असलाच पाहिजे. वायरी टाकीच्या खालून वळसा देऊन वर नेल्या, म्हणजे ओघळलेला थेंब प्लगात न जाता खालीच पडतो. दादाने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जेवढं आपल्याला सांभाळता येईल तेवढंच आण." बस. एवढ्या एका वाक्यात परवानगीही होती आणि मर्यादाही.

२०२४ च्या पावसाळ्यात दोन दिवस वीज गेली. पंप चालू, दिवा बंद. लेदर आक्रसून मुठीएवढा झाला होता. वीज आली, दिवा वीस टक्क्यांपासून पुन्हा चढवला, तिसऱ्या दिवशी त्याचे तुरे बाहेर.

आता टाकी खानावळीच्या आतल्या खोलीत आहे. जेवायला येणारे बघायला येतात. आणि जवळजवळ प्रत्येकाची तक्रार तीच: "उजेड फार कमी आहे हो, निळं निळं दिसतंय. जरा पूर्ण लावा ना, फोटो काढायचाय." पूर्ण लावला तर पंचवीस-तीस जण रोज म्हणतील आणि प्रवाळ महिन्याभरात पांढरे पडतील. एका रविवारी असाच मोठा गट आला होता, पंधरा ताटांचा. त्यातले एक साहेब हटून बसले. मला वाटलं, दादा म्हणेल लाव बाबा दोन मिनिटं, गिऱ्हाईक आहे. दादा भाकऱ्या वाढता वाढता म्हणाला, "साहेब, तो दिवा आपल्यासाठी नाहीये." एवढं बोलून पुन्हा आत. ते साहेब हसले आणि जेवायला बसले. (बारक्याने नंतर मोबाइलच्या भिंगावर लावायला नारिंगी जिलेटिनचा तुकडा ठेवलाय. त्यातून फोटो छान येतात आणि दिव्याला हात लावावा लागत नाही.)

मला विचाराल तर एवढा खटाटोप करून मिळालं ते हेच. गरिबीत दिवा कसा निवडायचा हे शोधायला गेलो, आणि पहिला धडा मिळाला की आधी पाहुणा निवडा. आपल्या कायद्यात, आपल्या पाण्यात, आपल्या विजेत आणि आपल्या खिशात जो बसेल तो. मग दिवा साडेचार हजारांचा पुरतो. पाहुणा ऐपतीबाहेरचा आणला की पन्नास हजारांचाही कमीच पडतो.

गेल्या दिवाळीत बारक्याला घेऊन वाळणकोंडीला गेलो होतो. काळ नदीवरचा तो डोह, वरदायिनी देवीचा. तिथले महसीर मासे देवीचे, कुणी गळ टाकत नाही. लोक कुरमुरे टाकतात आणि हाताएवढाले मासे वर येतात. ना काच, ना पंप, ना टायमर. पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या "इथे मारायचं नाही" या एका समजुतीवर ते जगलेत. बारक्या बराच वेळ पुलावरून बघत होता. म्हणाला, "काका, यांचा मेन्टेनन्स काहीच नाही." मी म्हटलं, "आहे की. सगळ्या गावाने हात आवरायचा, हा मेन्टेनन्स." त्याचं पुढे काय करायचं ते त्याचं त्याने ठरवलंय म्हणे, मालवणच्या प्रवाळांवर प्रकल्प करायचाय. बघू.

असो. फार लांबलं. कुणाला घरी असं काही करायचं असेल आणि दिव्याबद्दल शंका असतील, तर जरूर विचारा. बारक्या उत्तरं देईल, माझ्यापेक्षा बरी देईल. फक्त रविवारी नको, गडावर गर्दी असते आणि त्याला ताक घुसळायचं असतं.